खारपाणपट्ट्यातलं कोरल

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो, शेती करतो. कापूस, तूर, हरभरा. दोन वर्षांपासून घरी खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे. त्यात दोन क्लाउनफिश, एक लेदर कोरल, तीन-चार मशरूम कोरल आणि झोआ नावाच्या कोरलचे दोन गुच्छ. हिवाळाभर सगळं छान फुललेलं होतं. एप्रिलच्या मध्यापासून टाकीवर पंखा लावतो. तेव्हापासून लेदर आकसून बसलंय, झोआ दिवसदिवस उघडत नाहीत आणि एका मशरूमचा रंग उडून ते पांढुरकं झालंय. पाणी कमी झालं की मीठ मिसळून रोज दीडेक लिटर भरतो, आठवड्याला एक बादली बदलतो. मिठाचं प्रमाण मोजायचा हायड्रोमीटर मार्चमध्ये फुटला. कॅल्शियम आणि आयोडीनच्या बाटल्या आणून टाकतोय, फरक नाही. बाबा म्हणतात, 'आपल्या विहिरीचं पानी तं खारंच हाये, मंग कायले पुड्यातलं मीठ इकत आनतं?' खरंच विहिरीचं पाणी चालेल का? आणि एकजण अ‍ॅक्रोपोरा नावाच्या दगडी कोरलचा तुकडा देतो म्हणतोय, घेऊ का?"

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले: "मीठ मिसळून रोज दीडेक लिटर भरतो." तुझ्या कोरलचं, म्हणजे प्रवाळांचं, दुखणं बहुतेक तिथेच आहे. त्या बाटल्या आजच कपाटात ठेव. मऊ कोरलना लागणारं कॅल्शियम चांगल्या मिठातून आणि पाणी बदलण्यातून मिळतं, आणि आयोडीन न मोजता टाकणं हे तर औषध न ओळखता पाजण्यासारखं आहे.

टाकीतून जे उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ मागे राहतं. भाजी आटली की खारट लागते, तसंच. टाकीच्या काचेच्या वरच्या कडेला पांढरी, खरखरीत रेघ जमली असेल, ती बोटाने पुसून बघ. शिंतोड्यांतलं पाणी उडून मागे राहिलेलं मीठ आहे ते. आता हिशेब कर. तीन फुटी टाकीत दगड आणि वाळूची जागा सोडून साधारण १२० लिटर पाणी धरू. लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे त्यात ४ किलो २०० ग्रॅम मीठ आहे. तू रोज दीड लिटर खारं पाणी भरतोस, म्हणजे रोज पन्नासेक ग्रॅम मीठ वाढवतोस. पंधरा दिवसांत पाऊण किलोच्या वर. आठवड्याच्या बादलीने थोडं उतरलं असेल, तरी पाणी ३५ वरून ४० च्या आसपास गेलेलं असणार. मासे हे काही दिवस सहन करतात, म्हणून तुला कळलं नाही. कोरलकडे पाणी कमी-जास्त आत घेण्याचं असं काही साधन नसतं. ते मिटून घेतं आणि वाट बघतं.

म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या पाण्याने करायची, मीठ न घालता. मीठ घातलेलं पाणी फक्त बदलण्यासाठी, म्हणजे जेवढं खारं काढलं तेवढंच खारं घालायचं तेव्हा.

पण आज घाईने पाच लिटर गोडं पाणी ओतू नकोस. आधी मोजायचं. हायड्रोमीटरऐवजी रिफ्रॅक्टोमीटर घे. दोन थेंब पाण्यात आकडा दाखवतो. तो ३५ पीपीटीच्या (म्हणजे हजार भागांत ३५ भाग मिठाच्या) तयार द्रावणावर लावून घ्यायचा. साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ वर बरोबरच असेल असं नाही, ही चूक खूप जण करतात. आकडा खरंच ४० निघाला, तर रोज ३ लिटर टाकीतलं पाणी काढ आणि ३ लिटर गोडं पाणी हळूहळू घाल. एवढ्याने दिवसाला साधारण एक पीपीटी उतरतं. पाच-सहा दिवसांत ३५ वर येशील. चढताना जशी इजा होते तशी एकदम उतरतानाही होते, म्हणून हा सबुरीचा हिशेब. तोवर उडणारं पाणी वेगळं, तेही गोड्यानेच भरायचं.

३५ वर आलास की काचेवर बाहेरून, पाण्याच्या पातळीला बरोबर जुळवून एक रेघ ओढ. काळ्या मार्करने. रोज सकाळी आणि संध्याकाळी पाणी त्या रेघेपर्यंत आणायचं. चार दिवसांनी एकदम भरलं तर चार दिवस खारटपणा चढतो आणि पाच मिनिटांत कोसळतो. महागड्या दिव्यापेक्षा आणि बाटल्यांपेक्षा त्या रेघेने माझी कोरलं जास्त जगवली आहेत.

आता बाबांचा प्रश्न. तो प्रश्न चांगला आहे, आणि त्यांना नीट उत्तर दे. पूर्णेच्या खोऱ्यातलं, अमरावती-अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं भूजल खारं आहे हे खरं. पण ते समुद्राचं खारं नव्हे. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात. विहिरीत हजारांत असले तरी त्याच्या जवळपासही नसतात. शिवाय समुद्रात कुठलाही क्षार किती, याचं प्रमाण ठरलेलं आहे: वजनाने निम्म्याहून जास्त क्लोराइड, तिसऱ्या हिश्श्याच्या आत सोडियम, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. आपल्या विहिरीत बायकार्बोनेट असतं, शेतातल्या युरियाचं नायट्रेट झिरपलेलं असतं, आणि प्रमाण विहिरीगणिक बदलतं. लोणारचं सरोवरही खारंच आहे, पण त्याचा पीएच १० च्या आसपास जातो, कोरलला ८.१ ते ८.४ लागतो. जीभ सगळ्याला खारटच म्हणते, कोरलला फरक कळतो. आणि स्वयंपाकाचं आयोडीनयुक्त मीठही चालत नाही, हे सांगून ठेवते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो.

मग गोडं पाणी कुठलं? विहिरीचं पाणी थेट आरओला लावलंस तर मेम्ब्रेन लवकर जाईल, आणि २,००० टीडीएसच्या, म्हणजे लिटरला २,००० मिलिग्रॅम क्षारांच्या, पाण्यातून ९५ टक्के क्षार काढले तरी शंभर शिल्लक राहतात. गावाला धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर ते आरओला लाव, आधी कार्बन फिल्टर असू दे म्हणजे क्लोरीन निघून जाईल, आणि शेवटी उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोड. टीडीएस पेनवर शून्य यायला हवं. घरातल्या पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा स्क्रू असतो. टाकीचं पाणी घेताना तो बंद असला पाहिजे. गावातल्या प्लांटवरचा वीस लिटरचा कॅन वापरणार असशील तर प्रत्येक कॅन पेनने तपास. एकाच प्लांटवर सोमवारचा आकडा आणि शुक्रवारचा आकडा वेगळा येतो. साठवायला प्लास्टिकचा खाण्याच्या वस्तूंचा ड्रम घे. तांब्याचा किंवा पितळेचा गुंड कितीही स्वच्छ घासलेला असला तरी त्यात हे पाणी ठेवायचं नाही. तांबं कोरलला, झिंग्याला, खेकड्याला विष आहे, अगदी थोडंसं असलं तरी.

तांब्याचं निघालं म्हणून फवारणीचं आत्ताच सांगते, कारण तू शेतकरी आहेस आणि शहरातल्या कुणाला हे सांगावं लागत नाही. मोरचूद, कॉपर ऑक्सिक्लोराइड यांना लागलेली बादली, मग, पाइप टाकीजवळ येता कामा नये. टाकीची बादली वेगळ्या रंगाची घे आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव. कापसावर फवारणी करून आलेल्या दिवशी टाकीत हात घालू नकोस. आंघोळ केली तरी नखांत, मनगटावर राहतं. त्या दिवशी खायला घालायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला दे. आणि एअरपंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणून त्या खोलीत डासांचा स्प्रे नाही, अगरबत्ती नाही, कीटकनाशकाचे डबेही नाहीत.

उन्हाचं बोलू. पांढुरक्या मशरूमचं कारण खारटपणाइतकंच ऊन असू शकतं. कोरलचा रंग बराचसा त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या मांसात एकपेशीय शैवाल राहतं, झूझँथेली म्हणतात. ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला देतं. पाणी तापलं की हा शेजार बिघडतो, कोरल शैवालाला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. समुद्रात नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी एक अंशाने जास्त राहिलं आणि महिनाभर तसंच टिकलं की ब्लीचिंग सुरू होतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारच्या आखातात ते झालं. तुझ्या टाकीतही तेच होतंय, छोट्या प्रमाणावर. पांढरं पडलेलं कोरल मेलेलं नसतं, उपाशी असतं. बोटभर खाली, सावलीच्या बाजूला सरकव, उजेड कमी कर, पाणी स्थिर ठेव. अनेकदा काही आठवड्यांत रंग परत येतो. हाताला चिकट लागलं, वास आला, मांस सुटून वाहायला लागलं, तर मात्र ते गेलं. लगेच काढून टाक, नाहीतर बाकीच्यांचं पाणी नासवेल.

तापमान २५-२६ वर हवं. २८ पर्यंत निभतं, ३० च्या वर चार दिवस गेले की नुकसान. आता विदर्भातला मे महिना. बाहेर ४५, टिनाखालची खोलीही तापलेली. हे ऐकून लोक म्हणतात की इथे कोरल ठेवणं वेडेपणा आहे. मी तसं म्हणत नाही, कारण आपल्याकडे एक गोष्ट आहे जी कोकणात नाही: कोरडी हवा. माठातलं पाणी जसं गार होतं आणि कूलर जसा खोली गार करतो, तसाच पाण्यावरून तिरका सोडलेला पंखा टाकी गार करतो. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा फारसं काही करत नाही. आपल्याकडे तो सहज तीन-चार अंश उतरवतो, हवा फार कोरडी असेल तर त्याहूनही जास्त. टाकीवरचं झाकण काढ, त्याऐवजी जाळी लाव, मासे उडी मारतात. त्याच खोलीत कूलर चालवत असशील तर समोरची खिडकी उघडी ठेव, नाहीतर दमट हवा कोंडते आणि पंखा थकतो. पंख्याला साधा तापमान कंट्रोलर जोड: २६.५ ला सुरू, २५.५ ला बंद. नाहीतर पहाटे तो उगीच पाणी उडवत राहतो. पंखा जितका चांगला चालेल तितकं पाणी जास्त उडणार, म्हणूनच वरची ती रेघ.

बर्फाच्या बाटल्यांबद्दल तू विचारलं नाहीस, पण उन्हात प्रत्येकाला ते सुचतं. एक लिटरची गोठवलेली बाटली १२० लिटर पाणी जेमतेम एक अंशाने उतरवते, आणि दोन तासांत ते परत चढतं. अडीनडीला ठीक, रोजच्यासाठी नाही. त्यापेक्षा टाकीची जागा बघ. घरात मातीच्या जाड भिंतींचं माजघर असेल, धाब्याचं असेल, तर टाकी तिथे हलव. पश्चिमेची भिंत टाळ. दिवे दुपारी लावू नकोस. संध्याकाळी सहा ते रात्री दोन लाव. कोरलला आठ तास उजेड हवा, तो दिवसाच हवा असं नाही. हा बदल रोज अर्धा-अर्धा तास सरकवत कर. आणि एक आपल्याकडचीच गोष्ट: काळ्या मातीवरची फरशी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. दगड-काच धरून टाकीचं वजन दोनशे किलोच्या घरात जातं. पाया पक्का नसेल तर स्टँड कलतो आणि काचेच्या जोडावर ताण येतो. स्पिरिट लेव्हल मे मध्ये एकदा आणि मृग बरसल्यावर एकदा ठेवून बघ.

वीज. माझी पहिली टाकी मी अशाच एका मे महिन्यात गमावली. रात्री दहाला वादळ आलं, तार तुटली, सकाळी सातला वीज आली. मी पंप सुरू केले आणि समाधानाने चहा ठेवला. नऊ तास बंद पडलेल्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये, जिवाणू प्राणवायूविना मरून सडले होते, आणि ते पाणी मी स्वतः बटण दाबून टाकीत सोडलं. दुपारपर्यंत सगळं कोरल खाली वाकलेलं होतं. त्यातलं एक लेदर माझ्याकडे चार वर्षं होतं. आज इतक्या वर्षांनीही वीज आल्यावर माझा हात आधी फिल्टरच्या नळाकडे जातो. तूही तेच कर: दोन-तीन तासांहून जास्त वीज गेली असेल तर कॅनिस्टर उघड, आतलं पाणी फेकून दे, फिल्टरचं सामान टाकीच्याच पाण्यात हलवून धू, मग सुरू कर.

घरी इन्व्हर्टर असेलच. त्यावर फक्त एक वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी फिरवणारा पंप, ठेव, बाकी काही नको. दहा-पंधरा वॅटचा पंप १५० एएचच्या बॅटरीवर रात्रभर आरामात चालतो, घरच्यांचा पंखा बंद न करता. डीसी पंप घेतलास तर उत्तम. साधे चुंबकी पंप स्वस्त इन्व्हर्टरवर घुमतात आणि तापतात. दुसरी सोय म्हणून बॅटरीवरचा एअरपंप. दोन्ही नसेल तर जग घे आणि दर अर्ध्या तासाने पाणी वरून ओत. वीज गेल्यावर कोरल आधी गुदमरतं, तापण्याचं नंतर. आणि मिठाचं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं: टाकीच्या बोर्डाला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच, बसव, गावात अर्थिंग नीट आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घे, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोका घेऊन मग वर जाऊ दे, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही. हे तुझ्यासाठी आहे, कोरलसाठी नाही.

झोआबद्दल एक कडक सूचना. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. त्यांना हात लावताना रबरी हातमोजे आणि चष्मा घाल, बोटाला चिरा असेल तर लावूच नकोस. झोआ चिकटलेला दगड स्वच्छ करण्यासाठी उकळायचा नाही, त्यावर गरम पाणीही ओतायचं नाही. ती वाफ श्वासात गेलेली माणसं दवाखान्यात पोचली आहेत. घरातल्या पोरांना हे आधी सांग.

लेदर कोरल आकसलं असताना त्यावर मेणासारखी चमकदार साय दिसली तर घाबरू नकोस. ते अधूनमधून कात टाकतं. चार-सहा दिवस मिटून राहतं, साल सुटते आणि पुन्हा फुलतं. हाताने ओढू नकोस. त्याच्या बाजूला पाण्याचा प्रवाह थोडा वाढव, साल आपोआप निघून जाईल.

आणि अ‍ॅक्रोपोरा. घेऊ नकोस. पहिलं कारण कायद्याचं आहे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली सगळी दगडी, खडक बांधणारी कोरलं पहिल्या अनुसूचीत घातली गेली, म्हणजे मेळघाटच्या वाघाच्या पंगतीला. ज्याचं बिल नाही, मूळ नाही, त्या तुकड्याबद्दल "फार्ममधला आहे" असं कुणीही म्हणेल. वाळलेला, शोभेचा पांढरा तुकडासुद्धा नको. तो कुठूनतरी तोडलेला असतो, आणि आपल्या मालवणपासून लक्षद्वीपपर्यंतच्या खडकांनी आधीच खूप सोसलंय. दुसरं कारण तुझ्या टाकीचं: अ‍ॅक्रोपोराला कॅल्शियम ४००-४५० पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ८-९ डीकेएच, आणि दोन्ही दिवसागणिक न हलणारी लागतात. ज्या टाकीत आज मीठच हललेलं आहे तिथे ते आठवडाभरही टिकणार नाही. मशरूम, लेदर, झोआ, झेनिया यांत तुझी दहा वर्षं आनंदात जातील. त्याही बिलासह, विश्वासाच्या माणसाकडून घे, आणि आता दसऱ्याआधी नवीन काहीही आणू नकोस.

रिफ्रॅक्टोमीटर आला की पहिला आकडा मला लिही, सोबत सकाळी सहाचं आणि दुपारी चारचं तापमान, सात दिवसांचं. पांढरं मशरूम रोज एकाच जागेवरून, एकाच उजेडात मोबाइलवर टिपून ठेव. डोळ्यांना रंग परत येतोय की नाही ते कळत नाही, फोटो शेजारी ठेवले की कळतं. आणि त्या रेघेचं काम बाबांकडे दे. शेतावर निघायच्या आधी पाणी रेघेला आलं का ते बघायचं आणि कमी असेल तर डीआयच्या ड्रममधून भरायचं. विहिरीतून मात्र नाही, एवढं त्यांना आधी सांग.